नातूरची पत्रं

बर दुबईतल्या आमच्या बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, नेपाळचा होता. गाव गोरखा. "छोटा सा है दिदी. कचहरी, बाज़ार, और ऊपर पहाड़ पर राजा का गढ़," असं सांगायचा. डोंगरावर गड म्हटल्यावर माझ्यातली मराठी बाई कुठली गप्प बसते! आमच्या गडांच्या फुशारक्या मी त्याला मनसोक्त ऐकवल्या.

त्याला वाचता येत नव्हतं, त्याच्या आईला लिहिता येत नव्हतं. ती कचेरीबाहेर चहा विकायची आणि तिथल्याच अर्ज लिहिणाऱ्याकडून पत्र लिहवून घ्यायची. नेपाळीची लिपी आपलीच, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. शब्द कळत नसत, पण शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली ना मी! शुक्रवारी सकाळी दारात उभी राहून खणखणीत आवाजात वाचायचे. "मम्मी, यू डोन्ट ईव्हन नो व्हॉट इट मीन्स," लेक आतून चिडवायची. खरंच होतं ते. अर्थ मी कधी विचारला नाही.

कंपनी दोन वर्षांआधी कुणाला सोडत नसे. शेवटी त्याची सुट्टी मंजूर झाली. आईला पाठीवर घेऊन गडावरच्या देवीला नेणार होता. मीना बाजारातून तिच्यासाठी लाल शाल आणली, ती मला उलगडून दाखवली.

जायला नऊ दिवस उरले असताना पत्र आलं. तेच अक्षर, तोच मायना. मी सुरू केलं. "आमा बित्नुभयो" हेही तशाच खणखणीत आवाजात वाचून पुढे गेले.

"दिदी, वो फिर से पढ़िए."

मी पुन्हा वाचलं, आणखी स्पष्ट. तो जिन्यावर बसला. "माँ गुज़र गई," म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो गावी गेलाच नाही. "अब किसके पास जाऊँ?" पुढच्या शुक्रवारी पिशवीतून सगळी जुनी पत्रं घेऊन आला. "दिदी, पढ़िए. इनमें माँ है."

मी वाचायला लागले. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा अर्थ विचारला.

"घुटने दुखते हैं, गढ़ तक अकेली नहीं चढ़ सकती. एक बार आ जा."

दोन वर्षं ही ओळ मी बक्षीस घ्यायला उभी असल्यासारखी वाचत आले होते.