तळ्यातलं कुबड

"वास घ्या, मग बोला," म्हणत आमच्या वरच्या मजल्यावरचे सर लोणच्याची बरणी नाकाखाली धरायचे. आत लोणचं नाही हो, तळ्याचं पाणी. माणसं लांबूनच 'गुड मॉर्निंग सर' करून लिफ्टकडे वळायची.

सरकारी प्रयोगशाळेत जन्म गेलेला. मूळचे साताऱ्याचे, पण चाळीस वर्षं बंगळुरात, म्हणून मला वहिनी नाही, अक्का म्हणायचे.

आमची इमारत हेब्बाळच्या पुढे, मागे तळं. एका सकाळी पाण्यातून काळं कुबड वर आलं, तरंगलं, बुडालं. शेजारच्या नागपूरच्या मुलीनं व्हिडिओ काढला. "आजी, सिरियसली, मान पण दिसली." पुढच्या रविवारी अख्खी इमारत काठावर, डब्यात उपमा घेऊन. मीही गेले, खोटं कशाला सांगू? परदेशातल्या तळ्यांतही असे राक्षस असतात म्हणून तिनं फोटो दाखवले. सगळे धूसर. सरांनी तिला विचारलं, फोन एवढे सुधारले, मग राक्षसाचेच फोटो कसे सुधारत नाहीत?

मग त्यांनी समजावलं. तळाशी घाण कुजते, वायू होतो, तो गाळाचा थरच उचलून वर आणतो. आणि घाण आपल्याच संडासांची. आपल्या इमारतीचं सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र, विजेचं बिल वाढतं म्हणून बंद, पाणी सरळ तळ्यात. ते सुरू करा, असा अर्ज घेऊन सर दारोदार फिरले. काठावर उपमा खाणाऱ्यांपैकी एकानंही सही दिली नाही.

माझ्याकडेही आले. मी चहा टाकला. यंत्र बंद ठेवलं होतं सोसायटीच्या सेक्रेटरीनं, आणि सेक्रेटरी माझाच मुलगा. "बघू सर," म्हटलं.

रागावले नाहीत. चहा संपवून उठले. "राक्षस असला की बरं असतं, अक्का. कुणालाच काही करावं लागत नाही."

उन्हाळ्यात मेलेले मासे काठाला लागले. नाकाला रुमाल बांधून सर एकटेच बघत उभे होते. मी खिडकीतून पाहिलं आणि ती लावून घेतली.

दिवाळीआधी ते गेले, छातीत कळ येऊन. त्यांच्या मिसेसनी कागद आवरताना अर्ज माझ्या हातात दिला. खाली एकच सही होती, त्यांची.

परवा मुलाबरोबर तळ्यावर गेले होते. कुबड वर आलं. छोट्या लेकीला घेऊन आलेल्या एका बाईनं कन्नडात विचारलं, अज्जी, ते काय आहे?

मला ठाऊक होतं. मुलगा शेजारीच उभा होता.

"कोण जाणे बाई," मी म्हटलं. आणि तिनं, नीट दिसावं म्हणून, लेकीला उचलून खांद्यावर घेतलं.