नळ्या धुऊन होईपर्यंत

वरकुट्याला माझे चुलते राहतात. त्यांना, म्हणजे आमच्या तात्यांना, गुडघ्याचं ऑपरेशन नको होतं असं नाही. त्यांना मिरची सोडून जायचं नव्हतं. शेडनेटच्या जाळीखालच्या ढोबळी मिरचीला ठिबकमधून खत कधी आणि किती सोडायचं, हे एकट्या त्यांच्या डोक्यात. दोनदा तारीख ठरली, दोनदा त्यांनी मोडली. काकू वैतागल्या, मलाही राग आला. जळोचीत घरी बसून मी दिवसभर परक्यांचे प्रोग्राम दुरुस्त करते, आणि सख्ख्या चुलत्यासाठी एक लिहू नये? मी म्हणाले, "तात्या, ठिबक कॉम्प्युटरवर घेते. काकू फक्त बटण दाबतील. मग तरी जाल?"

"चाललं तर जाईन," तात्या म्हणाले. मी जोमानं कामाला लागले.

एक मुख्य प्रोग्राम केला. तो आपल्या हाताखाली आणखी तीन चालू करायचा: एक खताच्या पंपासाठी, एक पाण्यासाठी, एक नोंदींसाठी. आमच्या धंद्यात या हाताखालच्यांना चाइल्ड प्रोसेस म्हणतात, म्हणजे लेकरंच. बंद करताना मुख्य प्रोग्राम लेकरांना 'आवरा' म्हणतो आणि थोडा वेळ थांबतो. तेवढ्यात आवरलं नाही, तर सरळ मारून टाकतो. किती थांबायचं ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं. मी दहा सेकंद ठरवले. घरी टेबलावर पंपाच्या जागी बल्ब लावून बघितलं होतं. ते दोन सेकंदांत विझायचे. दहा म्हणजे मला माझा मोठेपणाच वाटला.

शेडमधल्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा तात्यांनीच 'बंद' दाबलं. पडदा क्षणात मोकळा झाला. मी शाबासकीची वाट बघत होते आणि तात्या पडद्याकडे बघत बसून होते.

"काय म्हणला त्यो?"

"कोण, तात्या?"

"तुझा पंप. धुतलं म्हणला का?"

तात्या आणि काकू ठिबक बंद करतात ते दोघं मिळून. खत थांबवून साधं पाणी चालू ठेवायचं, नाहीतर खत नळ्यांत बसतं आणि बारीक भोकं बुजतात. काकू शेवटच्या सरीला उभ्या राहतात. स्वच्छ पाणी आलं की तिथून ओरडतात, "धुतलं!" ती हाक आल्याशिवाय तात्यांनी आजवर मोटर बंद केलेली नाही. माझ्या प्रोग्रामनं तर हूं की चूं केलं नव्हतं. म्हणून ते काठी टेकत, लंगडत, स्वतः टाकीपाशी गेले.

"चालूच हाय की गं!"

पंप खत ओढतच होता. तात्यांनी तो हातानं बंद केला, साधं पाणी सोडलं, आणि मिरची वाचली. आणखी तासभर खत गेलं असतं तर मुळ्या जळाल्या असत्या.

चूक माझीच. कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली माझ्या घरी लिनक्स, शेडमध्ये विंडोज. मी लिहिलेली तीच एक ओळ लिनक्सवर लेकराला 'आवर' म्हणते आणि विंडोजवर त्याला काही न सांगता जागीच मारते. पंप थांबवणारं लेकरूच मेलं, पंप बिचारा चालू राहिला. माझे दहा सेकंद मोजलेच गेले नव्हते, आणि मोजले असते तरी तेवढ्यात नळ्या थोड्याच धुतल्या जातात!

"त्याला येळ किती दिला हुता?" तात्यांनी विचारलं.

"दहा सेकंद."

तात्या गुडघा धरून हसले. "अगं, दहा सेकंदांत तुझी काकू चप्पल बी घालत न्हाय."

"आन् तुमी?" काकू दारातून म्हणाल्या. "दवाखान्यात जायला दोन वरसं लावली न्हवं?"

मला हसू आलं नाही. ऑपरेशन आठ दिवसांवर होतं आणि तिसरी तारीख माझ्यामुळे मोडणार होती.

मी सगळं पुन्हा लिहिलं. लिनक्स असो की विंडोज, आता लेकराला निरोप जातो, आणि लेकरानं उत्तर द्यायचं. पंपवाल्याला नळ्या धुवायला पंधरा मिनिटं, नोंदीवाल्याला दहा सेकंद पुष्कळ. उत्तर आलं नाही तर गुपचूप मारायचं नाही, भोंगा वाजवायचा. काकू रोज बटण दाबून 'धुतलं' असं उमटेपर्यंत खुर्चीवर बसायच्या. तात्या तीन दिवस तरीही काठी घेऊन टाकीपर्यंत जाऊन आले. मी मनातल्या मनात चरफडत होते. चौथ्या दिवशी ते टाकी बघायला बाजेवरून उठलेच नाहीत.

ऑपरेशनच्या सकाळी बारामतीच्या दवाखान्यात मी त्यांच्याजवळ होते. काकू मिरचीचं पाणी आवरून दुपारी येणार होत्या. आत नेताना तात्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. तो बंद होता.

"म्याच बंद केलाय," ते म्हणाले. "काकूला तुझ्याकडं फोन कर म्हणलोय. मिरचीचं मला काय बी सांगू नगं. तू हायस न्हवं."

मी मान हलवली. दार लागलं आणि मी भिंतीकडे तोंड करून पोटभर रडले.