काकूंचा डबा मी खाल्ला

हे लिहायचा हक्क मला आहे की नाही, कळत नाही. आधीच माफी मागतो. काकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, असं काही लिहायची सवय नाही. पण काकू गेल्याला दीड महिना झाला आणि जेवायला बसलो की अजून त्यांचा डबाच आठवतो...

शोभाकाकू म्हणजे माझ्या खोलीतल्या अक्षयची आई. दारव्ह्याला कॉलेजजवळ आम्ही दोघं राहतो. मी फुलसावंगीचा, माझं घर लांब. त्यांचं गाव जवळ, म्हणून रोज सकाळी रफिकभाईंच्या जीपमधून काकूंचा डबा यायचा आणि संध्याकाळी रिकामा परत जायचा. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, एखादी भाजी, कोपऱ्यात ठेचा. मी मात्र स्टोव्हवर खिचडी शिजवायचो, बहुतेकदा करपलेली.

अक्षय अंगानं भरलेला. वर्गातली पोरं त्याला कापसाची गठाण म्हणायची. "ए गठाण, सरक ना बे, फळा दिसून नाही राह्यला!" तोही हसायचा. मग गॅदरिंगचे फोटो ग्रुपवर आले आणि त्याचं हसणं थांबलं. मोबाईलवर पिळदार पोरांचे व्हिडिओ पाहायचा, आरशासमोर पोट आत ओढून उभा राहायचा. एक दिवस त्यानं डबा माझ्याकडे सरकवला.

"तू खाऊन घे. भरलेला गेला तं आई फोन करकरून जीव खाईन."

"अन् तू?"

"मी पाहतो ना कॅन्टीनमध्ये."

पाहत नव्हता, हे मला आठवड्याभरात कळलं. तरी मी खात राहिलो. भाकर मऊ होती आणि मला भूक होती... याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. काकूंचा फोन यायचा, "जेवला का बाप्पा?" अक्षय "हो" म्हणायचा, आणि समोर बसून त्यांची भाकर मी चावत असायचो.

एक दिवस अक्षय मैदानावर चक्कर येऊन पडला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "उपाशी राहून शरीर बनत नसते, बेटा." काकू त्याच्या मनगटावरून नुसता हात फिरवत होत्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू जेवला का?" तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. अक्षय आता जेवतो. अजून आरशापुढे थबकतो, पण जेवतो. सांगू, सांगू म्हणता म्हणता काकूच गेल्या. शेतातून आल्या, छातीत कळ आली, आणि संपलं.

परवा स्टँडवर रफिकभाई भेटले. राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. त्यांनी गाडी पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं.

"भाभीले पहिल्याच हप्त्यात समजलं होतं रे," ते म्हणाले. "डबा एकाएकी घासूनपुसून यायले लागला. त्यांचा पोट्टा तं घरी आपलं ताटही उचलत नाही! मी म्हटलं, मंग बंद करा ना डबा, कायले तकलीफ? तं म्हणे, अक्षय हॉटेलात चरत असन, त्याचं काही नाही. पण हे ज्याचं कोणाचं लेकरू खाऊन राह्यलं, त्याले भूक असन. राहू द्या, भाऊ."