दोनशे बारावं पाऊल

"आधी हद्द दाखव, मंग बोल."

सुमित्राबाई हे वाक्य सगळ्यांना ऐकवायच्या. बांधावरून भांडणाऱ्या भावांना ऐकवायच्या, ते समजण्यासारखं होतं. पण कोबी ताजा आहे म्हणणाऱ्या भाजीवाल्याला आणि गुडघा कुठे दुखतो असं विचारणाऱ्या डॉक्टरलाही त्या हेच म्हणत. डॉक्टरने बिचाऱ्याने पेन घेऊन गुडघ्याभोवती गोल काढला, तेव्हा कुठे त्या बोलायला लागल्या.

हद्द हा त्यांच्या कामाचाच भाग होता. त्या गावाच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गायचे, विधी पार पाडायचे, आणि हळद लागण्याआधी शिवेच्या देवाला आवतण द्यायचं. हा देव म्हणजे भाताच्या शेतात उभा असलेला गुडघाभर उंचीचा काळा दगड. विहिरीपासून, खारघरच्या डोंगराकडे तोंड करून, दोनशे बारा पावलं. सासूने मोजून हातात दिलेला वारसा एवढाच. आवतणाच्या वेळी दगडापाशी जो कोणी बसलेला सापडेल, तो देवाचा माणूस. त्याला मांडवात आणायचं आणि पहिली हळद त्याच्या हातून लावायची. कधी गुराखी सापडला, कधी मासळीवाली. एका साली नुसती म्हैस बसलेली होती. तिलाही आणली. तिने हळदीत भिजलेली शेपटी नवरदेवाच्या तोंडावर मारली, आणि त्या जोडप्याचा पुढे सोन्यासारखा संसार झाला.

मग भाताची शेतं गेली. खाचरांवर भराव पडला, दगड कुठेतरी खाली राहिला. भरावावर खांब उभे राहिले आणि खांबांवरून मेट्रो आली. बेलापूरहून निघालेली गाडी पेंधरला यायची, पुढे रूळच नाहीत हे पाहून दमल्यासारखी थांबायची आणि आल्या वाटेने परत जायची. सुमित्राबाई काही वर्षं रस्त्याच्या कडेला उभ्या राहून अंदाजाने तांदूळ टाकत राहिल्या.

पुतण्या धर्मराजच्या मुलाचं, तेजसचं, लग्न ठरलं तेव्हा मात्र अडलं. तेजसची आई नमिता ही सुमित्राबाईंची पुतणसून. तिने चहा पुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "काकी, हवेत तांदूळ नको. आधी हद्द दाखवा, मग गा."

आपलंच वाक्य असं दुसऱ्याच्या तोंडून परत येईल याचा सुमित्राबाईंनी कधी विचार केला नव्हता. हळदीच्या दिवशी चारची वेळ ठरली. जागा आणि देवाचा माणूस सापडला तर त्यांचे धवले, नाहीतर चारला स्पीकरची गाणी. एका मांडवाने वगळलेल्या धवलारणीला दुसरा मांडव बोलावत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

हळदीच्या दिवशी दुपारी तीनला त्या विहिरीपाशी उभ्या राहिल्या. विहीर आता एका सोसायटीच्या बागेत होती, वर लोखंडी जाळी, बाजूला झोपाळा. हातात हळद-तांदळाचं ताट. डोंगराकडे तोंड केलं आणि पहिलं पाऊल टाकलं.

एकशे एकोणचाळीस पावलांवर स्टेशनचा दरवाजा आला. पुढे सरकता जिना. सुमित्राबाई त्यावर उभ्या राहिल्या. पाय हलले नाहीत, म्हणून आकडाही हलला नाही. वर पोचल्यावर पुढचं पाऊल एकशे चाळीसावं. तिकीट देणाऱ्या मुलीने कुठलं तिकीट म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, एकशे एकसष्ट. आकडा तोंडातून सुटू देऊन चालणार नव्हतं. मुलीने दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर मिळालं. शेवटी तिने आपल्या मनाने जवळच्याच स्टेशनचं तिकीट काढून दिलं. दुसरा सरकता जिना त्यांनी तसाच, पाय न हलवता, पार केला.

दोनशे बारावं पाऊल फलाटाच्या टोकाच्या बाकड्यापुढे पडलं. बाकड्यावर एक चष्मेवाले गृहस्थ थालीपीठ खात होते.

हे सुधीरराव. करंजाड्याला राहायचे. जमीनमोजणीच्या कचेरीत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. आता छंद एकच, कुठल्याही मार्गाचं शेवटचं स्टेशन गाठायचं, आसपास तासभर हिंडायचं आणि काय पाहिलं ते वहीत लिहायचं. बायको, सरोजिनीबाई, डबा द्यायच्या आणि कुठे चाललात असं विचारायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी उंच इमारती, बंद गाळे आणि एक चहाची टपरी पाहून वहीत लिहिलं होतं, 'पाहण्यासारखे काही नाही.' आता परतीच्या गाडीची वाट पाहत होते.

सुमित्राबाईंनी त्यांच्या पायापाशी ताट ठेवलं आणि हात जोडले.

सुधीररावांनी घाईने थालीपीठ गिळलं. इतक्यात पहारेकरी ज्ञानू आला. हा बीडकडचा, सौम्य बोलणारा. आजी, इथं काही ठेवता येत नाही, म्हणाला.

"आधी हद्द दाखव, मंग बोल."

ज्ञानूने सरळ मनाने बोट दाखवलं. फलाटाच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळी रेषा होती. त्याच क्षणी वरून कोणा बाईचा गोड आवाज आला, की पिवळ्या रेषेच्या मागेच उभे राहावे.

सुमित्राबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं त्या देवाला आवतण देत होत्या, देव कधी बोलला नव्हता. आता त्याने आपली हद्द हळदीने आखून घेतली होती आणि ती दर थोड्या वेळाने जाहीर करत होता. त्यांनी रेषेला चार तांदूळ वाहिले. ज्ञानूने ते गोळा करून खिशात टाकले.

मग त्यांनी सुधीररावांना विधी समजावला. सुधीररावांनी आपली गाडी आता येईल म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, गाडी तर परत परत येते, दुसरं करते काय ती? वर असंही म्हणाल्या, की शेवटचं स्टेशन बघायला आलात आणि स्टेशन बघूनच चाललात.

हे मात्र सुधीररावांना लागलं. त्यांनी डबा बंद केला.

वाटेत सुमित्राबाई दाखवत गेल्या. हे मेडिकलचं दुकान म्हणजे ज्ञातीच्या पंचांची खाचरं, इथे खेकडे, चिंबोऱ्या मिळायच्या. ही पार्किंगची जागा म्हणजे तळं, त्यात त्यांचा दीर दोनदा बुडाला आणि दोनदा वाचला. सुधीरराव वहीत लिहीत होते, पण त्यांचे ओठही हलत होते. विहीर आली तसे ते थांबले.

"बाई, मोजणीत चूक आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी उतरताना पायऱ्याही मोजणीत धरल्या. दोन्ही सरकत्या जिन्यांची मिळून अडतीस पावलं तुम्ही सोडलीत. दगडाची जागा वर नाही. खाली, खांबापाशी, स्कूटर लावतात तिथे."

सुमित्राबाईंनी ताट विहिरीच्या जाळीवर टेकवलं. घड्याळात पावणेचार झाले होते.

"खांबापाशी कोन बसलेला होता?" त्यांनी विचारलं.

"स्कूटर होती."

"मंग स्कूटर नेऊ मांडवात?"

"म्हैस नेली होती म्हणालात."

"म्हैस आपल्या पायांनी आली."

सुधीररावांनी वही मिटून खिशात टाकली. दोघं तसेच पुढे निघाले.

इमारतीच्या पार्किंगमध्ये मांडव होता. तेजस पाटावर बसला होता, स्पीकरवाला बोट बटणावर ठेवून नमिताकडे बघत होता. सुमित्राबाईंनी एका दमात सगळं सांगितलं. जागा सापडली, हद्द पिवळी, देव बोलतो, आणि हा त्याचा माणूस. मांडवात कोणीतरी खुदकन हसलं. नमिता हसली नाही. तिने सुधीररावांना पाणी दिलं, कुठे नोकरीला होतात विचारलं आणि उत्तर ऐकून सरळ बसली.

"मोजणीवाले तुमी. मग तुमीच सांगा काका, जागा बरोबर हाय?"

सुमित्राबाईंनी ताट घट्ट धरलं. एकतीस वर्षांत सुधीररावांनी चुकीच्या मोजणीवर एकदाही सही केली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हद्द बरोबर आहे," ते म्हणाले. "मी तिथेच बसलो होतो."

आणि वाटीत बोट बुडवून त्यांनी तेजसच्या कपाळाला पहिली हळद लावली. स्पीकरवाल्याने बोट काढून घेतलं. सुमित्राबाईंनी धवला धरला, तो पार्किंगच्या छताला लागून दुप्पट होऊन खाली आला.

देवाच्या माणसाला जिथून आणलं तिथे पोचवायचं, हाही नियम. साडेपाचला सुमित्राबाई सुधीररावांना जिन्यापर्यंत सोडायला आल्या. एकदा पाया पडल्या आणि मागे न बघता वळल्या.

सुधीरराव वर गेले, पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहिले. कपाळ पिवळं होतं. ज्ञानू शेजारी येऊन उभा राहिला. गाडी आली, दारं उघडली, पण दोघंही खालीच बघत होते. सुमित्राबाई खांबापाशी थांबल्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, एका स्कूटरच्या सीटवर चिमूटभर तांदूळ ठेवले, हळदीचं बोट लावलं, आणि पदर खोचून, मोजत मोजत, विहिरीच्या दिशेने चालू लागल्या.

सुधीररावांनी वही काढून दुपारचं वाक्य खोडलं. तेवढ्यात गाडी गेली.