गळतं तिथं भोक नसतं

केरबा डोणकर गाडीखाली पोतं टाकून उताणा पडलाय आणि एका थेंबाची वाट बघतोय.

दुपार कलायला लागलीय. आजऱ्याहून आंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्याचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दारात पाण्याचा नळ आणि मागं जुन्या टायरांचा ढीग. आत लाकडी ठोकळ्यांवर पुढची चाकं चढवून उभी आहे ती बारदेस्कर सिस्टरांची पांढरी गाडी. इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठायला पत्र्याचा डबा असतो, त्याला गॅरेजात चेंबर म्हणतात. या गाडीचा चेंबर गळतोय. केरबानं त्याचं पॅकिंग बदललं, तरी गळतोय. उतरवून कडा ठोकून सरळ केल्या, दुसरं पॅकिंग घातलं, तरी गळतोय. शेवटी कोल्हापुरातनं नवा चेंबर मागवून बसवला, आणि आज सकाळी सिस्टर पुन्हा दारात उभ्या.

"अंगणात तेवढाच डाग आहे, केरबा," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी मला सावंतवाडीला निघायचंय. मार्थाला बाळंतपणाला आणायचंय, आठवा लागलाय तिला. घाटात इंजिन कोरडं पडलं तर पोटुशी लेक घेऊन मी कुठल्या वळणावर उभी राहू? खात्री नसेल तर आत्ताच सांग. मी भाड्याची गाडी बघते. तुझ्यावर राग नाही."

राग नाही, हेच त्याला जास्त लागलं. सिस्टर आजऱ्याच्या बाजूच्या गावांत नर्स म्हणून फिरतात. केरबाची आई, आनूबाई, लकव्यानं अंथरुणाला खिळली तेव्हा हीच बाई रोज ड्यूटी संपवून याच गाडीतनं यायची. आनूबाईची पाठ पुसायची, कूस बदलायची. संक्रांतीच्या आगेमागे आनूबाई गेली, तेव्हा तिचे डोळेही सिस्टरांनीच मिटले. त्या बाईची एक गाडी आपल्याच्यानं गळायची थांबत नाही!

"संध्याकाळपर्यंत थांबा," एवढंच तो बोलला.

खरं तर आई गेल्यापासून त्याचं कामावरचं चित्तच उडालंय. त्याला झोप नाही. त्यात आणखी एक गोष्ट त्याला आतनं खातेय. आई सगळ्यांच्या स्वप्नात येते. बायकोच्या आली, देवळाच्या पायरीवर बसलेली. निपाणीला दिलेल्या बहिणीच्या, सुमनच्या, तर सारखी येते, चहा मागते. शेजारचा तातोबा, ज्याच्याशी कुंपणावरनं तिचं जन्मभर जमलं नाही, तोसुद्धा परवा सांगत होता, म्हातारी माझ्या ओट्यावर येऊन मलाच शिव्या घालून गेली. केरबाच्या स्वप्नात मात्र ती एकदाही आली नाही. हे तो कुणाला बोलला नाही. बोलणार तरी काय?

आता त्यानं थोडा वेळ इंजिन चालवून बंद केलंय आणि खाली शिरलाय. चेंबरच्या मागच्या कोपऱ्याशी थेंब धरतोय. मुगाएवढा होतो, हरभऱ्याएवढा होतो, लोंबतो, पण पडत नाही. बाहेर एक ट्रक जातो, त्याचा आवाज लांब लांब होत राहतो. पापण्या जड होतात. थेंब दोन दिसतात, मग पुन्हा एकच.

गाडीच्या कडेला दोन पाय येऊन उभे राहतात. टाचा भेगाळलेल्या, डाव्या पायाचा अंगठा बाहेरच्या अंगाला वळलेला. तोंड बघायची केरबाला गरज पडत नाही.

"सरक की जरा," आई म्हणते. "सगळं पोतं एकट्यानं अडवलंयस."

तो सरकतो. आनूबाई पदर खोचते, खाली बसते आणि आडवी होऊन त्याच्या शेजारी येते. तिच्या अंगाला धुणं वाळल्याचा वास आहे.

"गुडघं दुखत न्हाईत?"

"आता कशानं दुखतील?"

"आई, तू मेलीयास."

"ठाऊक हाय मला. माझंच मरण, मला ठाऊक नसंल व्हय?"

दोघंही वर बघत पडून राहतात. मग केरबा विचारायचं ते विचारून टाकतो.

"इतकं दिवस आली न्हाईस ती? सगळ्यांकडं गेलीस. त्या तातोबाकडंसुदीक."

"तातोबा दिवेलागणीलाच घोराय लागतोय," आनूबाई म्हणते. "तुझ्याकडं कवा येऊ? रातभर टक्क जागा असतोयस. दारापातूर आले आणि मागारी गेले, लई बारी. जाग्या माणसाच्या सपनात शिरायचं कसं, ते तूच सांग."

त्याला वाटलं होतं आई रुसलीय. शेवटच्या दिवसांत आपलं काही चुकलं असेल, हाताला धरून उठवताना तिला दुखलं असेल, काय न् काय. आणि गोष्ट एवढीच होती. त्याला हसू येतं, आणि हसताना कानांत पाणी जातं, कारण तो उताणा पडलाय.

"काय बघतोयस वर?"

"चेंबर गळतोय. नवा घातला तरी गळतोय."

"कुठनं?"

"हे काय, हितनं." तो बोट दाखवतो.

बोट दाखवतो तिथं लाकडी वासा आहे. वाशावर कौलं आहेत, एका काचेच्या कौलातनं उन्हाची तिरीप चुलीवर पडलीय. जुन्या घराचं स्वयंपाकघर, शेणानं सारवलेली जमीन, आणि दोघं तिच्यावर पडलेत. थेंब सुटतो आणि पातेल्यात पडतो, टप्प. आढ्याखाली सिस्टरांच्या गाडीचं इंजिन टांगलेलं आहे, मक्याची कणसं टांगतात तसं. त्याचं दोघांनाही नवल वाटत नाही.

"खालच्या पत्र्याच्या मागं लागलायस तू," आनूबाई उठून बसते. "गळतं तिथं भोक नसतं, केरबा. तुझ्या बापानं उभ्या हयातीत चुलीवरची कौलं बदलली. का, तर पाणी चुलीवर पडतंय. आणि भोक कुठं होतं? पार तिकडं, न्हाणीच्या डोक्यावर. वासा धरून यायचं आणि चुलीवर पडायचं."

"तुला कसं कळलं मग?"

"राखंनं."

ती चुलीतली राख पसाभर घेते, पाटावर चढते आणि वाशाला चोळायला लागते. वासा म्हणजे इंजिनाचं अंग आहे. बघता बघता सगळं करडं होतं, बोल्ट, नळ्या, तारा, सगळं.

"आता गप बसायचं," म्हणत ती खाली उतरते. हात झाडत नाही, मांडीवर तसेच ठेवते. "जेवलास?"

"व्हय."

"खोटं बोलू नगंस."

"सिस्टरांची गाडी झाली की जेवतो."

"बारदेस्करीण काय म्हणती?"

"लेकीला आणाय जायचंय. आठवा लागलाय."

"मग आवर लौकर. त्या बाईचा हात लई हलका. माझी पाठ पुसायची तवा पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघायची, कोमट हाय का." आनूबाई आपलं मनगट पुढं करून दाखवते. "मला बोलता येत न्हवतं म्हणून तिला सांगायचं ऱ्हायलं."

राखेत एक काळी रेघ उमटलीय. केरबा मान वर करतो, रेघेच्या मागं मागं जातो. रेघ चेंबरपाशी सुरू होत नाही, चेंबरपाशी संपते. येते ती वरनं, इंजिनाच्या पाठीमागच्या अंगानं.

कौलं तापलेली आहेत आणि पायात चप्पल नाही. केरबा छपरावर उभा आहे. खाली घर नाही, आंबोलीचा घाट आहे. वळणावळणावर ढग बसलेत. पांढरी गाडी चढतेय. सिस्टर गाडी चालवतायत, मागच्या सीटवर मार्था पोटावर दोन्ही हात ठेवून बसलीय. गाडीमागं रस्त्यावर काळी रेघ सांडत चाललीय, आणि इंजिनाचा तो कोरडा आवाज, जो ऐकल्यावर कुठलाही मेस्त्री हातातलं टाकून पळत सुटतो, तो इथपर्यंत ऐकू येतोय. केरबा ओरडतो. त्याच्या तोंडातनं आवाज निघत नाही.

"वरडू नगंस," आनूबाई आढ्यावर उकिडवी बसलीय. "तिला ऐकू जायचं न्हाई. हात घाल."

"कुठं?"

"रेघ जातीया तिथं."

तो दोन कौलांच्या फटीत हात घालतो. गरम नळीला मनगट लागतं, चटका बसतो, तरी तो हात पुढं सारतो, कोपरापर्यंत. बोटांच्या टोकाला काहीतरी बारकं, गोल लागतं. त्याच्या डोक्याला एक वायर आहे. ते ओलं आहे.

"घावलं?"

"ऑइलचा स्विच हाय."

"असंल. मला त्यातलं काय कळत न्हाई. पण वलं हाय न्हवं?"

"वलं हाय."

"झालं तर."

आजऱ्याचा एसटी स्टँड. केरबाच्या हातात आईची पिशवी आहे, वजनाला काहीच नाही. निपाणीची गाडी लागलीय. गाडीत एकही माणूस नाही, तरी आनूबाई खिडकीजवळची जागा मिळेल का म्हणून घाई करतेय.

"सुमनकडं जाते. ती दुपारची झोपती, चार वाजता पोरं आली की उठती. तेवढ्यात गाठलं पायजे."

"परत येशील?"

"झोपलास तर येईन."

ती पायरीवर पाय ठेवते आणि थांबते. हाताकडं बघते. "राख उरलीय की. वाया कशाला घालवायची?" म्हणत अंगठा त्याच्या कपाळावर टेकवते आणि आडवा ओढते. अंगठा खरखरीत आहे. गाडी हलते. कुणीतरी पत्र्यावर थापा मारतं, ठप ठप ठप.

"केरबा! झोपलास की काय गाडीखाली?"

सिस्टर बॉनेटवर हात आपटतायत. केरबा डोळे उघडतो. समोर चेंबर आहे, कोपऱ्याशी थेंब आहे. तो रांगत बाहेर येतो आणि म्हणतो, "सिस्टर, गाडी चालू करा."

त्या चालू करतात. तो बॉनेट उघडून बॅटरीचा उजेड इंजिनाच्या पाठीमागं टाकतो. तिथं सायलेन्सरच्या नळीआड, सहज बघून दिसणार नाही अशा जागी, ऑइलचं प्रेशर सांगणारा बारका स्विच असतो. तो हात घालतो. मनगटाला चटका बसतो. स्विच ओला आहे. इंजिन चालू असतानाच तिथनं ऑइल झिरपतं, मागच्या अंगानं ओघळतं, आणि खाली येऊन चेंबरच्या कोपऱ्यातनं ठिबकतं. चेंबर कधी गळतच नव्हता. मागनं आलेल्या ऑइलाला पडायला ती जागा सोयीची होती, इतकंच.

"सापडलं," तो म्हणतो.

"काय सापडलं?"

"गळतंय ते हितनं न्हाई. वरनं येतंय."

तो मोटरसायकलनं आजऱ्याला जाऊन नवा स्विच घेऊन येतो. जुना काढायला जागा अडचणीची, हाताचं कातडं सोलून निघतं, पण स्विच निघतो. नवा बसवून तो सगळं इंजिन डिझेलनं पुसून लख्ख करतो. मग सिस्टर चालवायला आणि केरबा शेजारी, असे दोघं गवसे गावाच्या पुढं चढापर्यंत गाडी रेटून येतात. सिस्टर दुसऱ्या गियरमध्ये इंजिन असं ताणतात की एरवी केरबा बोलला असता.

परत आल्यावर तो गाडीखाली वर्तमानपत्र पसरतो. मग डबा उघडून जेवायला बसतो. भाकरी कडक झालीय. सिस्टर खुर्चीवर बसून चहा पितात आणि दोघंही अधूनमधून कागदाकडं बघतात. केरबाचं जेवण होतं, हात धुऊन होतो. सिस्टर स्वतः वाकून बघतात, कागद ओढून घेऊन उजेडात धरतात. कागदावर गावोगावच्या बातम्या आहेत, डाग नाही.

"आता जाते मी घाटात," त्या म्हणतात. किल्ली घेतात आणि त्याच्या तोंडाकडं बघून थबकतात. "कपाळाला काय फासलंयस? ग्रीस नाही ते. आमच्यात राखेच्या बुधवारी फादर लावतात, तस्सं दिसतंय."

केरबा कपाळाला बोट लावतो. बोटावर करडी, मऊ, कोरडी राख येते. शेडमध्ये चूल नाही, घरी गॅस आहे.

"आईनं लावली."

सिस्टर गाडीचं दार उघडतात, आत बसतात. त्यांनी बरीच माणसं जाताना बघितलीत, त्या कशी म्हणून विचारत नाहीत.

"काय म्हणाली?"

"गाडीचं सांगितलं. आणि तुमच्या हाताचं."

"माझ्या हाताचं काय?"

"हलका हाय म्हणाली. पाणी आधी मनगटावर बघायच्या म्हणाली. बोलता येत न्हवतं म्हणून सांगायचं ऱ्हायलं होतं."

सिस्टर स्टिअरिंगवर ठेवलेल्या आपल्या हातांकडं बघतात. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलेलं नाही, आणि त्या खोलीत त्या वेळी दुसरं कुणी नसायचं. मग त्या किल्ली फिरवतात, आरसा नीट करतात आणि गाडी रस्त्याला लावतात.

केरबा नळावर जातो. हात डिझेलनं माखलेत. साबण लावून कोपरापर्यंत घासतो, नखं घासतो, पुन्हा धुतो. तोंडावर मारायला ओंजळ भरतो, कपाळापाशी नेतो, आणि तशीच सोडून देतो.