तेरा गाठींचं पाणी

पोहण्याची विहीर राखणारे आमचे अण्णा स्वतः कधी पाण्यात उतरले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "मी उतरलो तर बघणार कोण?"

एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. मी सोलापुरात नुकताच मास्तर झालो होतो. अण्णांचा जन्म सूत रंगवण्यात गेलेला, घरची भाषा तेलुगू. म्हातारपणी एका बागवाल्यानं त्यांना विहिरीवर ठेवलं. त्यांच्याजवळ एक काळी दोरी होती, तिला हाताहातावर पांढऱ्या सुताची गाठ. रोज सकाळी ती पाण्यात सोडायची नि वरून गाठी मोजायच्या. तेरा दिसल्या तरच पोहायचं. बारा दिसल्या तर वकील असो की मामलेदार, सरळ घरी! पाठीमागे आम्ही त्यांना 'तेरागाठी' म्हणत असू.

अंगाला तेल लावून आलेला माणूस पायरीवरूनच परत जाई. माझं नवं लग्न झालेलं, डोकं तेलानं थबथबलेलं. चारचौघांत म्हणाले, "बायकोला सांगा मास्तर, माया लई कर, तेल कमी लाव." महिनाभर मित्रांनी मला पिडलं.

कुणी तुरटी टाका म्हटलं की चिडायचे. "पाण्याला छळू नगा. आपलं आपण निवळतंय ते."

आणि एका चैत्रात त्यांना नऊच गाठी दिसल्या. मग सात. विहीर बंद! छळू नका म्हणणारा हा माणूस रोज तुरटी फिरवू लागला, निवळीच्या बिया उगाळू लागला. मालकानं बजावलं, आठ दिवसांत पाणी सुधारलं नाही तर दुसरा माणूस बघतो. अण्णांचं जेवण तुटलं.

मी त्यांच्याशेजारी वाकून पाहिलं. पाणी आरशासारखं. तेराच्या तेरा गाठी दिसत होत्या. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. बुबुळांवर पांढरट साय आली होती. हे सगळ्यांना कळलं होतं, पण बोलायची कुणाची छाती होईना. आम्ही पंचे खांद्यावर टाकून गुमान परतायचो.

आठव्या दिवशी त्यांनी दोरी पाण्यात सोडून वरचं टोक माझ्या हातात दिलं. "मास्तर, तुमाला किती दिसत्यात? खरं सांगा."

उन्हानं जीव चालला होता. मला पोहायचंही होतं, खोटं कशाला बोलू? "तेरा," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हसले. "म्हंजे पाणी चांगलं हाय की. मग थांबलाय कशाला? उतरा."

मी उडी मारली. वर आलो तेव्हा पायरीवर दोरीचं नीट वेटोळं घातलेलं होतं आणि अण्णा नव्हते. पुन्हा ते विहिरीकडे फिरकले नाहीत. नवा माणूस गाठी मोजत नसे. पावसाळ्याआधीच पाणी हिरवं झालं.

ती दोरी अजून माझ्याकडे आहे. हातात घेतली की स्वतःचाच राग येतो. अण्णांना पाणी कळत होतं, फक्त डोळे हवे होते. "मोजायला मी आहे की!" एवढं एक वाक्य बोलायचं सोडून मी उडी मारली.