घोड्याचा बेंदूर

माझं माहेर मुरगूडचं, शेतकऱ्याचं. बैलांची, म्हशींची पोटं मला तोंडपाठ. जनावर रवंथ करायचं थांबलं की काहीतरी बिघडलं, हे आम्हाला पाटीपेन्सिलीच्या आधी कळायचं. लग्न होऊन उचगावला आले तर दारात घोडा. सासऱ्यांचा टांगा होता, कोल्हापुरात स्टँडजवळ उभा राहायचा. नव्वदीचं दशक संपत आलेलं, रिक्षा बोकाळलेल्या, तरी त्यांचा जीव त्या घोड्यात.

सुरुवातीला हा रवंथ कधी करतो, याची वाट बघत मी गोठ्यात बसायची. सासरे हसले. "अगं, घोडा रवंथ करत न्हाय." मग त्या गवताचं पुढं होतं काय, असं विचारलं तर म्हणाले, "त्यालाच इचार की."

मग बेंदूर आला, बैलांचा सण. गल्लीत एकाच्याही दारी बैल उरला नव्हता. शेतांचे प्लॉट झालेले, पुरुषमाणसं कारखान्यात. पण बैलाला पोळी चारल्याशिवाय जेवायचं कसं? सासूबाईंनी तोड काढली. "बैल न्हाय म्हणून काय झालं? दावणीला जीव हाय की!" घोड्याच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. शिंगं नाहीत म्हणून रंग खुरांना फासला आणि पुरणपोळी चारली. त्यांच्या एका पोळीनं काही बिघडलं नसतं. पण बातमी गल्लीभर झाली आणि घरोघरचा नैवेद्य आमच्या दारात आला. प्रत्येकीला आपल्याच हातानं चारायचं होतं. घोडाही लबाड, गुळाचा वास आला की ओठ लांब करायचा. सासरे गडमुडशिंगीला पाहुण्यांकडे गेले होते, नाहीतर त्यांनी एकेकीला हाकललं असतं.

दुपारी घोडा मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघायला लागला. बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. अंग घामानं निथळत होतं. मग लोळायलाच लागला. एवढ्यात सासरे आले आणि पिशवी टाकून त्याच्याकडे धावले. त्यांचा आधीचा घोडा असाच पोटदुखीनं गेला होता. "काय चारलंसा?" त्यांनी विचारलं. सासूबाईंनी सांगितलं, तसं त्यांनी तोंड फिरवलं.

कुणीतरी लुनावरून जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आलं. "पावणं, ह्यो घोडा हाय का बैल?" डॉक्टर ओरडले आणि घोड्याच्या नाकातून लांबलचक नळी पोटात घालायला लागले. बादली माझ्या हातात होती. मला गप्प कुठं बसवतंय?

"डॉक्टर, नुसती ओकारी काढता येत न्हाय व्हय?"

"घोड्याला ओकता येत न्हाय, वहिनी. बैलासारखा ढेकर बी न्हाय. आत गेलेलं मागनंच बाहेर यायचं."

एवढं धिप्पाड जनावर आणि साधा ढेकर नाही! मी भ्यायले होते, पण नवलही वाटत होतं. डॉक्टरांनी कुशीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, मग मला म्हणाले, लावा कान. बैलाच्या पोटात कायम गुरगुर चालते. इथं काहीच नाही. भिंतीला कान लावल्यासारखं.

डॉक्टरांनी नळीतून तेल ओतलं, इंजेक्शन दिलं. "लोळू देऊ नका, फिरवत ऱ्हावा. लीद टाकली तर वाचला म्हणा."

सासरे लगाम धरून त्याला गल्लीत फिरवत राहिले. ज्यांनी पोळ्या चारल्या त्या सगळ्याजणी भिंतीला ओळीनं उभ्या. सणाच्या दिवशी अख्खी गल्ली एका घोड्याच्या शेपटीकडे टक लावून बघत होती. मी मध्येच थांबवून कान लावायची. एकदा आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. मी सांगितलं, पण कुणी विश्वास ठेवला नाही. सासूबाई दारात बसून होत्या, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही.

दिवेलागणीला घोडा थांबला. आधी मोठ्यानं वारा सरला आणि मग लीद पडली.

सासूबाई सणाच्या लुगड्यातच धावल्या. ती लीद त्यांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत उचलली आणि सासऱ्यांपुढं धरली. "बघा की, गरम हाय," एवढंच म्हणाल्या आणि हमसून रडायला लागल्या.

सासरे दुपारपासून पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलले. "हात धू. आन् दोघांचं ताट कर."